ली सुंग-योप की ली कांग-चोल: खेळाडूचा मॅनेजर होताना पाहायचं तर कोणाची कारकीर्द धरावी?

कोरियन बेसबॉल लीग, म्हणजे केबीओ, नियमित बघायला लागलेल्या माणसाची लवकरच दमछाक होते. दहा संघ, प्रत्येकाचे 144 सामने, सोमवार सोडला तर रोज खेळ. सगळं बघणं कोणालाच जमत नाही. अशा वेळी एखाद्या माणसाचं बोट धरून लीग समजून घ्यावी, आणि तो माणूस जुना खेळाडू असून पुढे मॅनेजर झालेला असला तर फारच उत्तम. एकाच कारकिर्दीत तीस-पस्तीस वर्षांचा खेळ डोळ्यांखालून जातो. जुने सामने, जुने धावफलक, जुन्या मुलाखती शोधायला एक दिशा मिळते.

प्रश्न उरतो तो माणूस कोण. नव्या प्रेक्षकाला दोन नावं हमखास सुचवली जातात आणि दोघांचंही आडनाव ली. एक ली सुंग-योप, कोरियाचा होमरनचा राजा, 2023 ते जून 2025 पर्यंत दूसान बेअर्सचा मॅनेजर. दुसरा ली कांग-चोल, जमिनीलगत हात आणून चेंडू टाकणारा पिचर, 2019 पासून केटी विझचा मॅनेजर. खाली जे लिहिलं आहे ते इनिंग, बुलपेन (मधे आणायच्या राखीव पिचरांची फळी), बंट, परदेशी खेळाडूंची मर्यादा हे शब्द ओळखीचे असणाऱ्यांसाठी आहे. मी कोणाकडे झुकलो ते पुढे कळेलच, पण दुसऱ्याची बाजू कमकुवत आहे असं मुळीच नाही.

खेळाडू म्हणून तुलना करायची तर सुंग-योपच्या शेजारी उभं राहणं कोणालाही अवघडच. देगूचा मुलगा, 1995 साली सॅमसंग लायन्समध्ये आला तो पिचर म्हणून. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला पहिल्या बेसवर आणलं आणि हातात बॅट दिली. 1997 मध्ये 32 होमरन, 1999 मध्ये 54, 2003 मध्ये 56. हा 56 चा आकडा तेव्हा आशियातला एका हंगामाचा उच्चांक होता. 2 ऑक्टोबर 2003 ला देगूच्या मैदानात तो मारला गेला, तेव्हा आउटफिल्डच्या बाकांवर लोक लांब दांड्याची, चतुर नावाचे किडे पकडायची जाळी घेऊन बसले होते. चेंडू आपल्याच जाळ्यात पडावा म्हणून. त्या काळाची जुनी चित्रफीत मिळाली तर बॅटकडे नंतर बघा, आधी त्या जाळ्यांच्या रांगा बघा. एका खेळाडूने देशाला कसं वेड लावलं होतं ते आकड्यांपेक्षा तिथे जास्त कळतं.

पाच वेळा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), मग आठ वर्षं जपान: चिबा लोत्ते, योमिउरी जायंट्स, ओरिक्स. तिथे 159 होमरन. 2012 मध्ये परत सॅमसंगला. केबीओतले एकूण 467. हा विक्रम 2024 च्या एप्रिलमध्ये चोइ जोंगने मोडला, तोवर तो अढळ होता.

यातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो भाग मात्र शेवटचा आहे. 2013 ला सरासरी .253 वर घसरली, होमरन 13. वय झालं असं सगळे धरून चालले होते. त्याने बॅट धरायची जागा खाली आणली, ती आडवी केली, म्हणजे चेंडूपर्यंतचा रस्ता आखूड झाला. पुढच्या वर्षी, 38 व्या वर्षी, .308 आणि 32 होमरन. वेग कमी झालेल्या हातांनी काय सोडायचं आणि काय ठेवायचं याचा हा नमुना आहे. फलंदाजीत रस असणाऱ्याने 2013 आणि 2014 चे सामने एकाआड एक लावून बघावेत. खांद्याजवळ बॅटचं टोक कुठे आहे एवढंच बघत राहिलं तरी पुरे.

कांग-चोलची खेळाडू म्हणून ओळख अशी झगमगती नाही. ग्वांगजूचा, हाइताई टायगर्समध्ये 1989 ला आला. त्याच संघात सन दोंग-योल हा दिग्गज पिचर होता आणि सन असलेल्या संघात दुसऱ्या कुठल्याही पिचरचं नाव मथळ्यात येणं कठीण. तरीही पहिल्या हंगामापासून सलग दहा वर्षं, 1989 ते 1998, दर वर्षी दहा किंवा त्याहून जास्त विजय. प्रत्येक वर्षी शंभरावर स्ट्राइकआउट. 1996 ला सन जपानला निघून गेला आणि त्याच शरद ऋतूत कोरियन सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीचा, एमव्हीपी कांग-चोल ठरला. 1999 ला गुडघ्याने दगा दिला आणि अख्खं वर्ष गेलं. मग फ्री एजंट (करारातून मोकळा) होऊन सॅमसंगला गेला, तिथे काही जमलं नाही. (सुंग-योप आणि तो त्या काळात एकाच संघात होते.) 2001 मध्ये परत जुन्या संघात, जो तोवर किआ टायगर्स झाला होता, आणि 2005 पर्यंत बहुतेक रिलीव्हर (सामन्याच्या मधे येणारा पिचर) म्हणून. एकूण 152 विजय, 112 पराभव, 53 सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं), 33 होल्ड (आघाडी राखून चेंडू पुढच्या पिचरकडे देणं), 2,200 च्या वर इनिंग.

हे शेवटचे आकडे कंटाळवाणे वाटतील, पण निर्णय घेताना मला तेच सर्वांत उपयोगी पडले. या माणसाने सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरचं काम केलं आहे, सामना संपवणाऱ्याचं केलं आहे, मधल्या इनिंगमध्ये कोणाचं लक्ष नसताना येऊन दोन गडी बाद करण्याचंही केलं आहे. दुखापत भोगली आहे, पैसे घेऊन गेलेल्या संघात अपयश पाहिलं आहे. पिचरच्या आयुष्यातली एकही खोली त्याला अनोळखी नाही.

त्याच्या टाकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढे मॅनेजर म्हणून तो काय बघत असेल याचा अंदाज त्यातून येतो. खालून टाकणाऱ्या पिचरचा हात गुडघ्याच्याही खाली येतो. चेंडू खालून वर चढतोय असं फलंदाजाला वाटतं आणि प्लेटजवळ तो बाजूला सरकत खाली बसतो. वेग फारसा लागत नाही, कोन लागतो. बिघडतं ते असं: थकवा आला की कंबर आधी वर येते, कमरेसोबत हात वर येतो, आणि चेंडू सपाट होऊन पट्ट्याच्या उंचीवर अलगद येऊन पडतो. डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू हातातून सुटताना लवकर दिसतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध चुकीला जागाच नसते. शिवाय ही टाकण्याची क्रिया लांबलचक, पहिल्या बेसवर चपळ माणूस असेल तर दुसरा बेस त्याला आयता मिळतो. अशा पिचरला किती चेंडू झाले हे मोजून कधी काढायचं ते कळत नाही. कंबर किती वाकतेय ते बघावं लागतं.

केटीमध्ये को यंग-प्यो हा तसाच खालून टाकणारा स्टार्टर. सैन्यसेवा करून 2021 ला परतला आणि त्या हंगामात त्याने 21 वेळा क्वालिटी स्टार्ट दिली, म्हणजे किमान सहा इनिंग आणि जास्तीत जास्त तीन अर्न्ड रन (पिचरच्या खाती जमा होणाऱ्या धावा). वेगाच्या मागे लागलेल्या लीगमध्ये अशा पिचरवर रोटेशन (स्टार्टरांची पाळी) उभं करायला मॅनेजरचा त्या कलेवर विश्वास असावा लागतो. 2024 पासून केबीओत स्ट्राइक-बॉलचा निर्णय यंत्र देतं. त्या यंत्राच्या नियमात उंची मोजताना चेंडू प्लेटच्या मध्यावर आणि मागच्या टोकाला, दोन्हीकडे स्ट्राइकच्या चौकटीत असावा लागतो. झपकन खाली पडणाऱ्या चेंडूला हे जाचक. 2025 ला चौकट फलंदाजाच्या उंचीच्या 0.6 टक्के खाली आणली गेली, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. टीव्हीवर ते कळत नाही, पण अशा पिचरची पोटापाण्याची गोष्ट त्या एका सेंटिमीटरवर असते. यंत्र येण्याआधीचे आणि नंतरचे को यंग-प्योचे सामने बघून ठेवण्यासारखे आहेत.

आता मॅनेजर होण्याची वाट. इथे दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. कांग-चोल 2006 पासून 2018 पर्यंत कोच होता. किआमध्ये पिचिंग कोच, नेक्सेनमध्ये मुख्य कोच, दूसानमध्ये आधी दुय्यम संघाचा मॅनेजर आणि मग मुख्य कोच. तेरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. सुंग-योप 2017 ला निवृत्त झाला, समालोचन केलं, टीव्हीवरच्या बेसबॉल कार्यक्रमात निवृत्त खेळाडूंच्या संघाचा मॅनेजर झाला, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये थेट दूसानचा. तीन वर्षांचा करार, एकूण 180 कोटी वॉन, पहिल्यांदाच मॅनेजर होणाऱ्यासाठी तोवरचा सर्वांत मोठा. कोच म्हणून एक दिवसही काम न करता.

केवळ एवढ्यावरून निकाल लावणं बरोबर नाही. ली बम-हो 2019 ला निवृत्त झाला, थोडी वर्षं कोचिंग केलं आणि 2024 ला किआचा मॅनेजर होऊन पहिल्याच वर्षी विजेता झाला, वय 42. पुढच्याच वर्षी तोच संघ आठवा आला, ही दुसरी गोष्ट. अनुभव कमी असला तरी चांगला संघ हातात आला तर माणूस जिंकू शकतो. सुंग-योपलाही पहिल्या वर्षी बरं जमलं. आदल्या हंगामात नववा असलेला संघ 2023 ला पाचवा आला, जुलैमध्ये सलग 11 सामने जिंकला, तो क्लबचा विक्रम. 74 विजय, 68 पराभव, 2 बरोबरी. 2024 ला पुन्हा अगदी तेच: 74, 68, 2, या वेळी चौथा क्रमांक.

पण बघायला बसल्यावर एक गोष्ट खटकत राहिली आणि शेवटी तिनेच माझा कौल ठरवला.

2024 च्या दूसानचा कुठलाही आठवडा उचला. चौथी-पाचवी इनिंग आली की बुलपेनमध्ये हालचाल. स्टार्टर दोन धावांनी मागे असला तरी बाहेर, पुढे असला तरी बाहेर. मग एकामागून एक चार-पाच पिचर. आणि ते पिचर तेच. किम तेक-यॉन, शाळेतून नुकताच आलेला, 60 सामने, 65 इनिंग, 19 सेव्ह, वर्षाचा सर्वोत्तम नवखा. ली ब्योंग-हॉन 77 सामने. त्या हंगामात दहाही संघांत सर्वाधिक इनिंग दूसानच्या बुलपेनने टाकल्या. ईआरए (नऊ इनिंगांमागे दिलेल्या अर्न्ड रन) उत्तम होता, त्यामुळे तक्ता बघणाऱ्याला हे बुलपेन संघाचं बलस्थान वाटतं. रोज बघणाऱ्याला तसं वाटत नाही. मंगळवारी टाकलेला मुलगा बुधवारी पुन्हा उभा राहतो तेव्हा पहिला चेंडू कुठे पडतो ते बघायचं असतं. कॅचरचा मोजा ज्या जागी आहे तिथून वर, बाहेरच्या बाजूला. दुसरा चेंडू जमिनीत. तिसरा मधोमध, कारण आता स्ट्राइक लागतेच. असा प्रसंग आठवड्यातून दोनदा दिसायला लागला की सामना बघण्यातली मजा जाते आणि मुलाच्या खांद्याची काळजी सुरू होते.

न्याय म्हणून सांगायला हवं की सुंग-योपकडे पर्याय थोडे होते. त्या वर्षी दूसानचे परदेशी स्टार्टर एकामागून एक मोडले. अल्कान्ताराला सोडावं लागलं, ब्रँडन वॉडेल दुखापतीने बाहेर, जपानी शिराकावा तात्पुरता आणला, मग बालाझोविच. सहा-सात इनिंग टाकणारा माणूसच नसेल तर मॅनेजर कोणाला उभं करणार? हे मान्य. तरीही पाचव्या इनिंगमध्ये, अजून 80 चेंडूही न झालेल्या देशी स्टार्टरला एका बेस ऑन बॉल्सनंतर (चार बॉल टाकून फलंदाजाला फुकट दिलेल्या बेसनंतर) काढणं हे कमतरतेपेक्षा सवयीचं वाटतं. फलंदाज असलेल्या माणसाला धोका दिसतो तो पुढच्या फटक्याचा. पिचर राहिलेल्या माणसाला तीन आठवड्यांनंतरचा धोका दिसतो. हे माझं निरीक्षण आहे, कोणी मोजून सिद्ध केलेलं नाही. पण दोन्ही डगआउट (संघाची बसायची जागा) आलटून पालटून बघितल्यावर मला ते नाकारता येत नाही.

दुसऱ्या बाजूला कांग-चोलने केटीमध्ये काय केलं? 2015 ला लीगमध्ये आलेला हा संघ तीन वर्षं सलग शेवटचा, चौथ्या वर्षी नववा. 2019 ला कांग-चोल आला आणि 71 विजय, 71 पराभव. 2020 ला दुसरा क्रमांक, पहिल्यांदाच प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या. त्या वर्षी सुवॉनच्या शाळेतून आलेला सो ह्योंग-जुन हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सरळ रोटेशनमध्ये घेतला, हंगामाच्या मध्यात त्याला मुख्य संघातून बाहेर ठेवून विश्रांती दिली, मग परत आणला. 13 विजय, वर्षाचा सर्वोत्तम नवखा, आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात दूसानविरुद्ध सहा इनिंगांवर एकही धाव न देता टाकलं. मधल्या त्या विश्रांतीत मुलगा नवा चेंडूही शिकून आला. माझ्या मते कांग-चोलच्या सगळ्या कारकिर्दीत मॅनेजर म्हणून बघण्यासारखा पहिला निर्णय हाच.

आणि 2021. केटी आणि सॅमसंग दोघांचे 76 विजय, 59 पराभव, 9 बरोबरी. बरोबरी एवढ्या, कारण त्या वर्षी हंगामाच्या उत्तरार्धात जादा इनिंग बंद केल्या होत्या. पहिल्या क्रमांकासाठी एकच सामना, 31 ऑक्टोबरला देगूमध्ये. कांग-चोलने चेंडू दिला विल्यम क्वेव्हासच्या हातात, ज्याने तीनच दिवसांपूर्वी 108 चेंडू टाकले होते. मघाशी खांद्यांची काळजी करणाऱ्या मला हा निर्णय आवडावा की नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. फरक असा की हा वर्षातला एक सामना होता, पिचर अनुभवी होता, आणि पुढे कोरियन सिरीजपर्यंत जवळजवळ दोन आठवड्यांची विश्रांती त्या एका विजयातच दडलेली होती. क्वेव्हासने सात इनिंग टाकल्या, एक हिट दिला, एकही धाव नाही. सहाव्या इनिंगमध्ये कांग बेक-होच्या हिटवर एक धाव आली, सामना 1-0. पुढे कोरियन सिरीजमध्ये दूसानवर 4-0. तिथे को यंग-प्योला स्टार्टर न ठेवता बुलपेनमध्ये नेलं, आणि मधल्या इनिंगचा प्रश्नच मिटवला. खेळाडू म्हणून कोरियन सिरीजचा एमव्हीपी आणि मॅनेजर म्हणून विजेता, असा तो लीगमधला पहिलाच.

2023 चा हंगामही वगळू नये. जूनच्या सुरुवातीला केटी शेवटच्या जागी होता. जखमी होऊन आदल्या वर्षी परत गेलेल्या क्वेव्हासला जूनमध्ये पुन्हा बोलावलं. त्याने 12 विजय मिळवले, पराभव शून्य. ऑगस्टमध्ये संघाने 19 जिंकले, 4 हरले. हंगामाअखेर दुसरा क्रमांक, प्लेऑफमध्ये एनसीविरुद्ध पहिले दोन हरून पुढचे तीन जिंकले, आणि कोरियन सिरीजमध्ये एलजीपुढे 1-4 असे थांबले. पडझडीच्या काळात रोटेशनला हात न लावण्याचा धीर हा त्या हंगामाचा धडा, आणि तो बघायला एप्रिल-मेचे हरलेले सामने बघावे लागतात. ते कंटाळवाणे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

दोघे एकमेकांसमोर आले तो सामनाही आहे, आणि निवड करणाऱ्याने आधी तोच बघावा. ऑक्टोबर 2024, वाइल्डकार्ड, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या संघांतली लढत. नियम चौथ्याच्या बाजूचा: दोन्ही सामने त्याच्या घरी, एक जिंकला किंवा बरोबरी केली तरी पुढे. पाचव्याला दोन्ही जिंकावे लागतात. 2015 पासून नऊ वर्षं एकाही पाचव्या संघाला ते जमलं नव्हतं. केटी तर पाचवा क्रमांकही 1 ऑक्टोबरला एसएसजीविरुद्ध एक जादा सामना खेळून मिळवून आला होता. आठव्या इनिंगमध्ये 1-3 मागे असताना मेल रोहास ज्युनिअरने किम ग्वांग-ह्योनला तीन धावांचा होमरन मारला, 4-3.

दुसऱ्याच दिवशी जामसिलला, दूसानच्या घरच्या मैदानात, त्यांचा ग्वाक बिन, त्या वर्षीचा 15 विजयांचा संयुक्त अव्वल, पहिल्या इनिंगमध्ये चार धावा देऊन बसला. पुढे एकही धाव आली नाही. 4-0. तिसऱ्या दिवशी वेस बेंजामिनने सात इनिंग शून्यावर टाकल्या, मग को यंग-प्यो, मग पार्क यंग-ह्योन. तीन पिचरमध्ये सामना संपला, 1-0. दूसानचे फलंदाज अठरा इनिंग शून्यावर. पाचव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरून उंच झेलावर निघालेला माणूस रोहासच्या फेकीवर होम प्लेटशी बाद झाला, तीच काय ती मोठी संधी. कॅचर यांग यी-जी दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता, हेही लक्षात ठेवावं. ही हार बुलपेनच्या माथी मारता येत नाही. बुलपेनने त्या दोन दिवसांत काम चोख केलं. हार फलंदाजीची होती, आणि मैदानाबाहेर चाहते सुंग-योपने जावं म्हणून घोषणा देत होते. ज्या माणसाने 2 ऑक्टोबरला 56 वा होमरन आणि 2017 साली 3 ऑक्टोबरला निवृत्तीच्या सामन्यात दोन होमरन मारले, त्याच्या संघाला त्याच दोन तारखांना एकही धाव करता आली नाही. हे वाचताना मला खरोखर वाईट वाटतं.

2025 ला दूसान 23 विजय, 32 पराभव, 3 बरोबरी असा नवव्या जागी होता. शेवटच्या जागी असलेल्या किवूमकडून लागोपाठ दोन दिवस 0-1 हरल्यावर 2 जूनला सुंग-योपने राजीनामा दिला. आदल्या वर्षी राबवलेल्या हातांपैकी काहींना त्या वसंतात सूर सापडत नव्हता, हे बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

कांग-चोलच्या विरोधातही बरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 2020 ला त्याने जू क्वोन या रिलीव्हरला 77 सामन्यांत टाकायला लावलं. 31 होल्ड घेऊन तो लीगमध्ये पहिला आला, पण तो आकडा वाचताना 2024 च्या दूसानची आठवण व्हावी इतका मोठा आहे. 2023 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये राष्ट्रीय संघ त्याच्याकडे होता. 9 मार्चला टोकियो डोममध्ये ऑस्ट्रेलियाकडून 7-8 हार, दुसऱ्या दिवशी जपानकडून 4-13, पहिल्याच फेरीत बाहेर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्याच केटीचा कांग बेक-हो डबल मारून आनंदाच्या भरात बेसवरचा पाय उचलून बसला आणि बाद झाला. त्या स्पर्धेत ठराविक पिचर पुन्हा पुन्हा वापरले गेले, ही टीका योग्यच होती. छोट्या स्पर्धेत त्याचा धीर त्याच्या कामी येत नाही, असं मला वाटतं. त्याला 144 सामने लागतात. आणि 2025 ला केटी सहावा आला, प्लेऑफ अर्ध्या सामन्याच्या फरकाने हुकला, त्यामुळे त्याच्या पद्धतीत सगळं आलबेल आहे असंही कोणी म्हणू नये.

कोणी तिसरं नाव सुचवेल: योम ग्योंग-योप. खेळाडू म्हणून सरासरी .195, मग कार्यालयातलं काम, कोच, मॅनेजर, एसकेमध्ये जनरल मॅनेजर, पुन्हा मॅनेजर, आणि 2023 ला एलजीला 29 वर्षांनी विजेतेपद, 2025 ला पुन्हा एकदा. डावपेच आवडणाऱ्याने त्याच्याकडे जरूर जावं. 2023 ला त्याच्या संघाने 267 वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि 101 वेळा पकडले गेले. यशाचं प्रमाण 62 टक्के, जे कुठल्याही हिशोबाने तोट्याचं. तरी जिंकले. त्यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल. पण मूळ प्रश्न दीर्घकाळ खेळलेल्या मोठ्या खेळाडूचा आहे आणि योमची खेळाडू म्हणून कारकीर्द बघण्यासारखी फारशी नाही, म्हणून इथे त्याला बाजूला ठेवतो.

तर निवड कशी करावी? फलंदाजी हाच तुमचा जीव असेल, एखाद्या खेळाडूवर मनापासून प्रेम करायचं असेल, तर सुंग-योप घ्या. 2002 च्या कोरियन सिरीजचा सहावा सामना, नवव्या इनिंगमधला बरोबरी साधणारा तीन धावांचा होमरन. 2008 ऑलिंपिकची उपांत्य फेरी, आठव्या इनिंगमध्ये जपानविरुद्धचा दोन धावांचा. 2014 चा हंगाम. आणि 2017 ला थांबायचं. मॅनेजरची वर्षं वेगळी धरावीत, कारण बॅट हातात असताना तो जे शिकला त्यातलं फार थोडं डगआउटमध्ये दिसतं. निदान अजून तरी. वय पन्नाशीच्या आसपास आहे, पुढे कोच म्हणून काही वर्षं काढली तर हे चित्र बदलूही शकतं.

खेळाडूचं ज्ञान मॅनेजरच्या निर्णयात उतरताना बघायचं असेल तर मी कांग-चोलकडेच बोट दाखवीन. क्रम असा ठेवावा. आधी 31 ऑक्टोबर 2021 चा देगूचा सामना. मग 1 ते 3 ऑक्टोबर 2024 चे तीन, सलग. त्यानंतर 2020 मधले सो ह्योंग-जुनचे विश्रांतीआधीचे दोन आणि नंतरचे दोन सामने, फरक स्वतः शोधायचा. 1996 ची कोरियन सिरीज मिळाली तर शेवटी, कारण तोवर हात खालून येताना काय बघायचं ते कळलेलं असतं. प्रत्येक सामन्यात पाचव्या इनिंगपासून पुढे कॅमेरा डगआउटवर गेला की कांग-चोलची नजर कुठे आहे ते पाहा. धावफलकाकडे क्वचितच असते. आणि एक व्यवहाराची गोष्ट: केटीचे घरचे सामने सुवॉनला होतात, संध्याकाळी साडेसहाचा सामना भारतात दुपारी तीनला सुरू होतो. नोकरी करणाऱ्याला तो थेट बघणं अवघडच, तेव्हा रविवारचे सामने धरावेत. भर उन्हाळा सोडला तर ते कोरियात बहुधा दुपारचे असतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी सुरू होतात.